फोन तिथल्या डॉक्टरांकडे द्या

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली आमची बिल्डिंग तीन मजली, बिनलिफ्टची. दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं, एक आमचं आणि समोर अदीचं. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. मी इथे लग्न होऊन आले तेव्हा सगळी बिल्डिंग तिला अदी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. ती माझ्यापेक्षा मोठी असूनही मला ताई म्हणते. का, ते दोघींपैकी कुणालाच सांगता येणार नाही.

मी पोस्टात नोकरीला होते आणि माझे मिस्टर अंबरनाथच्या कारखान्यात. आमची मुलगी शाळेतून आली की अदीकडे जेवायची, तिथेच अभ्यास करायची आणि मी आले की कुरकुरत घरी यायची. अदीच्या मिस्टरांचं कापडाचं दुकान होतं. ते गेले, मुलगा मस्कतला नोकरीला गेला, तिथेच त्याचा संसार झाला आणि अदी एकटी राहिली. एकटी म्हणजे सकाळच्या चहापासून रात्रीच्या मालिकेपर्यंत आमच्यातच. तिच्या घराची एक किल्ली आमच्या फ्रिजवर असते. तिला बीपी आहे, थायरॉईड आहे, वांगं खाल्लं की अंगाला खाज येते, हे मला माझ्या घरच्यांइतकंच पाठ होतं. तिच्या घरातलं मला माहीत नाही असं काही असेल, हे कधी मनातसुद्धा आलं नाही.

त्या उन्हाळ्यात तिचा गुडघा फार दुखायला लागला. जिना उतरताना ती कठडा धरून एकेक पायरी बाजूने उतरायची, आणि मी बघते आहे असं दिसलं की मुद्दाम सरळ उतरायची. माझी मुलगी आता बदलापूरला राहते. तिच्या सासूबाईंना तिथल्या एका हाडांच्या डॉक्टरांचा चांगला गुण आला होता. मी अदीच्या मागे लागून तिला तिथे घेऊन गेले. एक्स-रे झाला, डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "अजून कुठली औषधं चालू आहेत?"

अदी माझ्याकडे बघून म्हणाली, "बीपीची. और वो थायरॉईड की."

"बाकी काही?"

"नाही."

डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज दोनदा, जेवणानंतर. येताना आम्ही मुलीकडे जेवलो. अदीने माझ्या नातीच्या फ्रॉकची उसवलेली शिवण हातानेच घालून दिली. गोळ्यांनी तिला आराम पडला. "तुझा बदलापूरवाला अच्छा है," असं ती मला दोन-तीनदा म्हणाली आणि मला बरं वाटलं.

पुढे मे महिन्यात नात्यातलं एक लग्न होतं. तिथलं जेवण तिला बाधलं. जुलाब सुरू झाले, उलट्या झाल्या. मी तिला ताक दिलं, भाताची पेज दिली. "डॉक्टरकडे जाऊ या," म्हटलं तर म्हणाली, "पेटच तर आहे. होईल ठीक." गुडघ्याची गोळी मात्र ती न चुकता घेत होती, कारण मीच आठवण करत होते.

एका सकाळी ती चहाला आली नाही. मी बेल वाजवली, मग किल्ली घेऊन आत गेले. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. हात थरथरत होते. अशक्तपणाने थरथरतात तसे नाही, कुणी बाहेरून हलवत असल्यासारखे. तोंडाने शब्द जड येत होते. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "ठीक आहियां, ठीक आहियां." ठीक आहे मी. इतक्या वर्षांत ती माझ्याशी कधी सिंधीत बोलली नव्हती. थरथरणारे हात बघून घाबरले नव्हते, तेवढी मी त्या दोन शब्दांनी घाबरले.

मिस्टरांनी १०८ला फोन केला. खालच्या किराणा दुकानातले दोघे जण वर आले आणि त्यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट खाली आणलं. ॲम्ब्युलन्समध्ये एक डॉक्टर होते. तिचं बीपी घेता घेता ते मला विचारत गेले आणि मी सांगत गेले. वय. बीपीची गोळी, कुठली आणि कधीपासून. थायरॉईड. साखर नाही. ऑपरेशन एकच, गर्भाशयाचं. जुलाब कधीपासून. गुडघ्याची गोळी कुठली, तिची पट्टीच मी पर्समध्ये टाकून आणली होती. ते म्हणाले, "बरं झालं, तुम्ही सोबत आहात. बऱ्याचदा कुणालाच काही माहीत नसतं." मला अशा वेळीही थोडा अभिमान वाटला.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होती. तिने अदीला हात वर धरायला लावले, बोट नाकाला लावायला सांगितलं, पायांना हातोडीने हलकेच मारून पाहिलं. अंगावरून वारं गेलं असेल म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन करायला पाठवलं. सलाईन लावलं. मी बाहेर बसून देवाचं नाव घेत होते. स्कॅन करून आल्यावर ती डॉक्टर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काकू, डोक्यात रक्तस्राव नाही. पॅरालिसिससारखंही मला वाटत नाही. दोन्ही बाजूंना सारखीच थरथर आहे. ही एखाद्या औषधाची बाधा असू शकते. त्या अजून काही घेतात का? झोपेची गोळी, आयुर्वेदिक, कुणी दिलेली पुडी?"

"नाही," मी म्हटलं. "काही असतं तर मला माहीत असतं."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. माझं बोलणं तिला खोटं वाटलं नसावं, पण पुरेसंही वाटलं नाही. "त्यांचे नेहमीचे डॉक्टर कोण?"

आमचे दोघींचे डॉक्टर एकच. कॅम्पातले जुने, आता केस पूर्ण पांढरे झालेले. मी त्यांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"जुलाब कधीपासून?"

मी सांगितलं.

"आणि दुखण्यावर काही घेत होत्या का?"

"हो, गुडघ्यासाठी. बदलापूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. बरेच दिवस झाले."

दवाखान्यातल्या पंख्याचा आवाज मला फोनमधून ऐकू येत होता. मग ते हळू म्हणाले, "फोन तिथल्या डॉक्टरांकडे द्या. आणि वहिनी, तुम्ही जरा बाजूला थांबा."

मी फोन दिला. तिने "हॅलो सर," म्हटलं, थोडं ऐकलं आणि फोन कानाला लावून कॉरिडॉरच्या टोकाला चालत गेली. माझ्या फोनच्या कव्हरवर नातीने चिकटवलेलं एक फुलपाखरू आहे. ते फुलपाखरू त्या डॉक्टरच्या कानाशी आणि माझ्याकडे तिची पाठ, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. ती मान हलवत होती. एकदा तिने तळहातावर पेनने काहीतरी लिहिलं. मग माझ्याच फोनवरून तिने दुसरीकडे कुठेतरी फोन लावला आणि पुन्हा बोलत राहिली.

मी खुर्चीत बसून राहिले. असं काय असेल जे माझ्या फोनमधून जातं आहे आणि माझ्या कानावर पडू नये? कॅन्सर असेल का, आणि हिने सांगितलं नसेल? टीबी? की ते दुसरंच काहीतरी, ज्याचं नाव घ्यायलाही माणसं घाबरतात? मी एकेक रोग मनात आणत होते आणि टाकून देत होते. त्या बसण्यात काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर काळजीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. माझ्या मुलीचे कान हिने टोचून आणले. माझी आई गेली तेव्हा हिने माझ्या घरात चूल पेटू दिली नाही, दोन्ही वेळचं जेवण हिच्याकडून आलं. आणि आमच्या डॉक्टरांनी मला म्हणावं, बाजूला थांबा?

डॉक्टर परत आली. नर्सला तिने रक्त पुन्हा घ्यायला सांगितलं, सलाईन वाढवायला सांगितलं. मग माझा फोन दोन्ही हातांनी मला परत दिला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"उपचारासाठी जे कळायला हवं होतं ते कळलं. तुम्ही त्या गोळ्यांची पट्टी आणलीत आणि जुलाबाचं सांगितलंत, त्याचा फार उपयोग झाला. त्यांच्या एका औषधाचं प्रमाण रक्तात वाढलं असावं. गुडघ्याची गोळी आणि अंगातलं पाणी कमी होणं, दोन्हींमुळे तसं होतं."

"कुठलं औषध? बीपीचं?"

तिने मलाच विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"शेजारीण."

हा शब्द तोवर मी हजारदा उच्चारला असेन. त्या दिवशी तो फार लहान निघाला.

"काकू, बाकीचं त्या स्वतः सांगतील. चांगलं बोलता यायला लागलं की," ती म्हणाली. तिच्या आवाजात कुठेही तुटकपणा नव्हता, म्हणून मला भांडताही येईना.

मस्कतला मुलाला मी कळवलं. तो घाबरला. डॉक्टरांशी बोलू द्या म्हणाला. डॉक्टरने त्यालाही तेवढंच सांगितलं. औषधाचं प्रमाण वाढलं आहे, वेळेत आणलं आहे, किडनीच्या डॉक्टरांना बोलावलं आहे, गरज पडली तर डायलिसिस करावं लागेल, पण आज तरी तसं वाटत नाही. कुठलं औषध ते तिने त्यालाही सांगितलं नाही. म्हणजे बाजूला थांबलेली मी एकटीच नव्हते. मला त्याने थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं नवलही वाटलं.

संध्याकाळी मिस्टर थर्मासमध्ये चहा घेऊन आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते कारखान्यात सुपरवायझर होते. कुठल्याही गोष्टीचा विचार ते शिफ्टच्या हिशेबाने करतात. "आमच्याकडे पाळी बदलली की जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं सांगून जायचा. कुठलं मशीन गरम होतंय, कुठला व्हॉल्व्ह हलका लागतोय. सांगितल्याशिवाय गेटबाहेर जाता यायचं नाही. डॉक्टरांनीही तसंच करायला पाहिजे. कोण काय देतंय ते एकमेकांना कळलंच पाहिजे."

"अहो, पण मशीनला लाज नसते," मी म्हटलं. मी असं का म्हटलं, तेव्हा मलाही कळलं नाही. कारण लाजेची गोष्ट आहे हे मला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

डायलिसिसची वेळ आली नाही. सलाईनवर हळूहळू थरथर कमी झाली. दोन-तीन दिवसांनी सकाळी मी गेले तर ती उशीला टेकून बसली होती. मला बघून तिने पहिलं विचारलं, "ताई, तू गॅस बंद केलास ना माझा?" मी हो म्हटलं आणि मला रडू यायला लागलं, तर म्हणाली, "रोती क्यूँ है? सिलेंडर माझा आहे." तेवढ्यात ती तरुण डॉक्टर आली. तिने पडदा ओढला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. या वेळी मी स्वतःहूनच उठले होते. पडद्यामागून दोघींचं हळू बोलणं येत होतं. मी मुद्दाम खाली औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन आले.

घरी आल्यावरही अदी बरेच दिवस त्याबद्दल काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. न विचारणं सोपं नव्हतं. मी तिच्याकडे पेज घेऊन जायचे, चादर बदलायचे, आणि प्रत्येक वेळी प्रश्न जिभेवर घेऊन परत यायचे. आमच्यात एक सभ्यपणा आला होता. ती मला "थँक यू" म्हणायला लागली होती. इतक्या वर्षांत तिने मला कधी थँक यू म्हटलं नव्हतं.

एका दुपारी मी तिच्याकडे मेथी निवडत बसले होते. ती शिवणाच्या मशीनपाशी होती. तिने मशीनचा खण उघडला, बॉबिनचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत गोळ्यांची पट्टी होती.

"ये है," ती म्हणाली. "लिथियम. मनाची गोळी आहे. मुन्ना झाला तेव्हापासून."

मुन्ना म्हणजे तिचा मुलगा. तो झाला तेव्हा मी या बिल्डिंगमध्ये आलेही नव्हते. ती सांगत गेली, मराठी, हिंदी, मध्येच सिंधी. बाळंतपणानंतर तिची झोपच गेली. रात्रभर ती घर पुसायची, गायची, भराभर बोलायची. दुकानातली कापडं तिने रस्त्यावरच्या लोकांना वाटून टाकली. मग एक दिवस ती पडून राहिली ती उठेचना. मुलाला जवळही घेईना. सासू म्हणाली, बाहेरचं आहे. दोन-तीन ठिकाणी नेऊन धागे बांधले, पाणी पाजलं. शेवटी नवरा घरी न सांगता तिला अंबरनाथला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथे ही गोळी सुरू झाली आणि ती माणसात आली.

"आणि तू देवदर्शन म्हणून अंबरनाथला जायचीस ते..."

"मंदिर भी जाती थी," ती म्हणाली. "झूठ नाही बोलले. आधी मंदिर, मग डॉक्टर."

दर काही महिन्यांनी ती सोमवारी अंबरनाथच्या शंकराला जायची. एक-दोनदा मीही येते म्हटलं होतं, तेव्हा तिने काही ना काही कारण काढलं होतं. आता ते डॉक्टर म्हातारे झाले आहेत आणि चिखलोलीकडे नव्या कॉलनीत मुलाकडे राहतात, तिथेच खालच्या गाळ्यात बसतात. त्यांनीच अदीला समजावलं होतं की कॅम्पातल्या डॉक्टरांना तरी हे माहीत असू दे, उद्या काही झालं तर ते कुणाला सांगू तरी शकतील. तिने खूप दिवस घेतले आणि मग हो म्हटलं, पण अट घालून. जीवावर बेतलं तर कुठल्याही डॉक्टरला सांगा. घरी कुणाला नाही. मुलाला नाही, बिल्डिंगमध्ये नाही.

म्हणजे आमच्या डॉक्टरांना लिथियम माहीत होतं, गुडघ्याची गोळी माहीत नव्हती. बदलापूरच्या डॉक्टरांना त्यांनीच दिलेली गोळी माहीत होती, लिथियम माहीत नव्हतं. अंबरनाथच्या डॉक्टरांना जुलाबाचा पत्ता नव्हता. आणि मला वाटत होतं की मला सगळंच माहीत आहे. त्या तरुण डॉक्टरने कॉरिडॉरच्या टोकाला उभं राहून ते सगळं एकत्र केलं, माझ्याच फोनवर.

"मला का नाही सांगितलंस, अदी?" मी शेवटी विचारलं. "मी काय बदलले असते?"

ती बॉबिनचा डबा उगाच उघडझाप करत होती. "तू नसती बदलली. माहीत आहे मला. पण ताई, माझ्या घरात मी जोरात हसले तरी सगळे एकमेकांकडे बघायचे. रागावले तरी बघायचे. सासू विचारायची, गोळी घेतली ना? मुन्नाचे पप्पा चांगले होते, पण तेसुद्धा बघायचे. मला एक घर पाहिजे होतं जिथे मी ओरडले तर लोक म्हणतील, ही बाई भांडखोर आहे. बस. तुझं घर होतं तसं."

मला आठवलं, ती माझ्यावर किती वेळा ओरडली आहे. पाण्याच्या मोटरवरून, मुलीच्या अभ्यासावरून, एकदा तर मी कोकीत, त्यांच्या जाड सिंधी पोळीत, कांदा कमी घातला म्हणून. आणि मी तितक्याच जोरात उलटून ओरडले आहे. तेव्हा तिला त्यात काय मिळत होतं, हे मला कळायला मार्गच नव्हता.

मग ती म्हणाली, "बदलापूरला त्या डॉक्टरने विचारलं ना, तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं. पण तू बाजूला बसली होतीस."

ती हे दोष देण्यासाठी बोलली नाही, आणि मीही तो माझ्याकडे घेतला नाही. पण त्या रात्री मी त्याचाच विचार करत होते. आपल्याकडे आजारी माणसाबरोबर कुणीतरी आत जाऊन बसतंच. नवरा, सून, शेजारीण. आम्ही ते मायेने करतो, आणि डॉक्टर प्रश्न विचारतात तेव्हा उत्तरंही आम्हीच देतो. डॉक्टरांच्या टेबलापाशी आजाऱ्याला एकटं सोडणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं, असं मला वाटत आलं होतं.

हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही. नाव नको लिहू. माझं नको आणि तुझंही नको. तुझं लिहिलंस तर माझं सगळ्यांना कळेल." म्हणून यात कुणाचंच नाव नाही.

पुढे एकदा रविवारी मिस्टर तिला समजावत होते. हल्ली बँकेसारखं आरोग्याचंही सरकारी खातं काढता येतं, सगळे रिपोर्ट फोनमध्ये एका जागी, कुठल्याही हॉस्पिटलला गेलं की त्यांना दिसणार. तिने चहा पिता पिता नीट ऐकून घेतलं.

"अच्छा है," ती म्हणाली. "पण भाईसाब, दातवाल्याकडे गेले तर त्यालापण दिसणार?"

"तुम्ही परवानगी दिली तर."

"आणि मी बेहोश असले तर परवानगी कोण देणार?"

मिस्टर म्हणाले, "चौकशी करतो." तेव्हापासून ते चौकशी करत आहेत. मला दोघांचंही पटतं. त्या दिवशी आमचे डॉक्टर परगावी असते, किंवा त्यांनी फोन उचलला नसता, तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनातून जात नाही. आणि तिने सगळ्यांना सगळं दिसू दिलं असतं, तर माझ्या घरात ती तशी भांडली असती का, हाही जात नाही. आमच्या डॉक्टरांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, गुडघ्याचं मला कुणी कळवलं असतं तर मीच ती गोळी थांबवली असती. पण कळवायचं कुणी? त्या डॉक्टरांना मी आहे हे माहीत नव्हतं आणि मला ते." आता त्यांनी स्वतःच बदलापूरला फोन करून बोलून घेतलं आहे, अदीला विचारून.

पावसाळ्यानंतर गुडघा दाखवायला आम्ही पुन्हा बदलापूरला गेलो. नंबर आला तशी मी सवयीने उठले. अदी म्हणाली, "ताई, तू बाहेर बस." मी बसले. बाकावर शेजारी चामटोलीहून आलेली एक बाई होती. तिच्या नवऱ्याचा खांदा दुखत होता आणि तिने मला त्या खांद्याची सगळी कथा सांगितली. ती सांगत होती तेव्हा नवरा मान खाली घालून ऐकत होता.

मुलाला अदीने स्वतःच सांगितलं, फोनवर. त्याने लगेच विचारलं, हे माझ्या मुलीलाही होऊ शकतं का? तिने मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "माझ्याबद्दल एक शब्द नाही, ताई. पहिला सवाल पोरीचा." मी म्हटलं, बाप आहे तो. ती म्हणाली, "मीपण आई आहे." दोन आठवडे ती त्याच्याशी धड बोलली नाही. तो रोज फोन करायचा आणि ती हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायची.

डिसेंबरात तो आला. एकटाच, आठवड्याभरासाठी. एका सोमवारी सकाळी मी दारात तांदूळ निवडत होते तेव्हा दोघं बाहेर पडली. त्याने तिची पिशवी घेतली होती आणि जिन्यावर तो तिच्या एक पायरी पुढे, तिच्याकडे तोंड करून उतरत होता, पडली तर धरता यावं म्हणून. "अंबरनाथला जाऊन येतो, काकू," एवढंच तो म्हणाला. आता तिकडे कुणाकडे जायचं असतं ते मला माहीत आहे, हे त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

दुपारी ती दोघं परस्पर आमच्याकडेच जेवायला आली. मी डाळ-भात आणि मटकीची उसळ केली होती. अदीने उसळीत मीठ जास्त आहे म्हणून तक्रार केली. मी म्हटलं, मग तू करायचीस. मुलगा खाली मान घालून हसला आणि पुन्हा भात मागून घेतला. जेवून झाल्यावर तो बाहेरच्या दिवाणावर जरा टेकतो म्हणाला आणि तिथेच झोपला. अदीने पंखा एकवर केला, त्याच्या पायांवर माझी शाल टाकली आणि माझ्याबरोबर भांडी घासायला आत आली.